किड्यांची खतावणी

‘काय उपयोग?’ असं विचारणाऱ्या माणसांची एक स्वतंत्र जात आहे. जात म्हणजे निवडणुकीतली नव्हे, प्राणिशास्त्रातली. ओळखण्याची खूण : भुवया वर, मान एका बाजूला किंचित कललेली, हातात दुसऱ्याच्या घरचा चहा. वसतिस्थान : लग्नाचे हॉल, सोसायटीची वार्षिक सभा आणि सकाळची आठ बावीसची फास्ट. भक्ष्य : समोरच्याचा उत्साह. आढळ : डोंबिवलीपासून डॅलसपर्यंत, बारमाही. कुणाची मुलगी सतार शिकते म्हणा, ‘काय उपयोग?’ शेजारचे आजोबा सत्तराव्या वर्षी मोडी लिपी शिकताहेत म्हणा, ‘आता काय उपयोग?’ या ‘आता’मध्ये आजोबांच्या शिल्लक वर्षांचा हिशेबही उरकलेला असतो.

या जातीच्या वाटेला मी सहसा जात नाही. माझ्या लिखाणाबद्दलचं तिचं मत मला ठाऊक आहे. पण अलीकडे तिने किड्यांची नोंद ठेवणाऱ्या माणसांवर तोंड टाकलं आणि माझ्यातला कारकून खुर्ची मागे सरकवून उभा राहिला. मी बी.कॉम. किड्यांशी माझा संबंध तांदळाच्या डब्यापुरता, तोही डबा उन्हात ठेवण्याचं खातं माझ्याकडे आहे म्हणून. तरीही सांगतो, जी माणसं जन्मभर खाती उघडतात, नावं ताडून पाहतात, कोणाचं खातं कुठल्या शाखेत आहे हे लिहून ठेवतात आणि ज्यांना त्याबद्दल कधी कोणी शाबासकी देत नाही, ती माझी भाऊबंद आहेत.

झालं असं, की माझी पुतणी प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झाली. तिला आता उंच हिमालयातल्या भुंगेऱ्यांचं वर्गीकरण करायचं आहे. यावर विचार करायला दादाकडे बैठक भरली. सौ.चे बंधू, म्हणजे आमचे मेहुणे, न बोलावता हजर होते. पुतणीने मोठ्या उमेदीने कॉम्प्युटरवर एका ग्रंथाची पानं उघडून दाखवली.

‘‘किती खंड म्हणालीस?’’ मेहुणे.

‘‘आठ.’’

‘‘किड्यांचे आठ खंड? अगं, महाभारत अठरा पर्वांत आटपलं! आणि त्यात निदान स्टोरी आहे.’’ मग माझ्याकडे वळून, ‘‘भावोजी, तुम्हीच सांगा. काय उपयोग?’’

माझं उत्तर पोह्यांच्या बशीत मावणारं नव्हतं, म्हणून इथे देतो.

त्या ग्रंथाचं नाव ‘कॅटलॉग ऑफ पॅलिआर्क्टिक कोलिऑप्टेरा’. पॅलिआर्क्टिक हा शब्द ऐकला की वाटतं, दिवसातून दोनदा, जेवणानंतर. पण तो पृथ्वीवरचा एक प्रांत आहे. १८५८ साली फिलिप स्क्लेटर नावाच्या इंग्रज गृहस्थांनी जगातले पक्षी सहा प्रांतांत वाटून टाकले. शिक्षणाने ते वकील. वाटणीपत्र करायची हौस असणारच. पुढे १८७६ साली आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी ती वाटणी सगळ्याच प्राण्यांना लागू केली. त्यातला पॅलिआर्क्टिक हा सगळ्यांत मोठा वाटा. आइसलंडपासून जपानपर्यंत, मधला सगळा युरोप, सहारापर्यंतची उत्तर आफ्रिका, सबंध सायबेरिया, मध्य आशिया. दक्षिणेचं कुंपण म्हणजे आपला हिमालय. कुंपणावरचे किडे, साहजिकच, दोन्हीकडचे. वरच्या थंड उतारावर पॅलिआर्क्टिक मंडळी, खालच्या गरम खोऱ्यात आपली. एकाच डोंगरावर दोन शाखांची हद्द. बँकेत अशा ठिकाणी काय भांडणं होतात ते मी जाणतो. या कॅटलॉगवाल्यांनी भांडण न करता काश्मीरपासून पुढची हिमालयातली आपली राज्यंही आपल्या वहीत घेतली.

कोलिऑप्टेरा म्हणजे भुंगेरे. जिनिव्हाचे इव्हान लोब्ल आणि कॅनडातल्या ओटावाचे आलेश स्मेताना हे या वहीचे हेडक्लार्क. पहिला खंड २००३ साली निघाला, आठवा २०१३ साली. आठवा निघाला म्हणजे सुटले असं नव्हे. दोनच वर्षांनी सुधारित आवृत्तीचे खंड निघू लागले. लेजर कधी संपतं का? मी ती पानं पाहिली आणि मला भरून आलं. गोष्ट नाही, चित्र नाही, विशेषण नाही. किड्याचं नाव, ते ठेवणाऱ्याचं नाव, साल, पान. त्याखाली पूर्वी चुकून ठेवलेली नावं. मग युरोप, उत्तर आफ्रिका, आशिया असे तीन रकाने, आणि त्यांत देशांची दोन-दोन अक्षरं. बास. पानामागून पान, खातं. हजारो खाती.

मी बँकेत लागलो तेव्हा आमच्या शाखेतली जाड लेजरं नुकतीच निरोप घेत होती. जुन्या लोकांनी मला शिकवलं होतं, की चोऱ्या होतात त्या रकमेत नव्हे, नावात होतात. एकच इसम. एका खात्यावर आडनाव आधी, दुसऱ्यावर फक्त आद्याक्षरं, तिसरं बायकोच्या नावाने. किड्यांचंही तेच. १७५८ साली लिनियस यांनी दोन शब्दी नावांची पद्धत प्राण्यांना लावून दिली तेव्हापासून जो तो नावं ठेवत सुटला. नावं ठेवायला काय, आपण सगळेच हुशार. पॅरिसमध्ये एकाने भुंगेऱ्याला नाव दिलं, सेंट पीटर्सबर्गमध्ये दुसऱ्याने त्याच भुंगेऱ्याला दुसरं दिलं. एक जरा काळसर निघाला, त्याला तिसरं. भुंगेरा बिचारा शेण लाटत राहिला आणि त्याच्या नावावर पाच खाती झाली. ती शोधायची, आधीचं कुठलं ते पाहायचं, बाकीची बंद करायची, हे काम कोणी करायचं? कवींनी?

आणि ताडून पाहायचं कसं? आमच्याकडे स्पेसिमेन सिग्नेचर कार्ड असतं. त्यांच्याकडे तर खरंखुरं स्पेसिमेन असतं! ज्या एका नमुन्यावरून नाव ठेवलं तो किडा कुठल्यातरी म्युझियममध्ये टाचणीवर असतो. शंका आली की त्याच्यापाशी जायचं. तिथेही रूप पाहून भागत नाही. पुष्कळ जाती बाहेरून हुबेहूब सारख्या. मग नराचे जे अवयव आपण चारचौघांत चर्चेला घेत नाही ते सूक्ष्मदर्शकाखाली घेऊन त्यांचा आकार बघतात. आमच्याकडे केवायसी निदान आधार कार्डावर भागते.

या वह्यांना इतिहास आहे. लोब्ल-स्मेतानांच्या आधी जगभरच्या भुंगेऱ्यांची एक मोठी वही बर्लिनमध्ये निघाली होती. ‘कोलिऑप्टेरोरम कॅटलॉगस’, १९१० ते १९४०, एकतीस खंड. काढणारे विल्हेल्म युंक, मूळचे प्रागचे, पेशाने पुस्तकविक्रेते. शास्त्रज्ञ आपापल्या वाटणीचे किडे लिहून देत, हे गोळा करत, छापत. युंक ज्यू होते. नाझी आल्यावर दुकान घेऊन ते हॉलंडला हेगमध्ये गेले. नाझी तिथेही आले. १९४२ साली युंक आणि त्यांच्या पत्नी, दोघांनी मिळून आयुष्य संपवलं.

आता त्याच काळातली दुसरी नोंद वाचा. स्लोव्हेनियातल्या गुहांत एक लहानसा, तपकिरी, आंधळा भुंगेरा राहतो. ऑस्कर शायबेल नावाच्या संग्राहकांनी १९३७ साली त्याला नाव दिलं ‘अॅनॉफ्थॅल्मस हिटलरी’. पहिल्या शब्दाचा अर्थ बिनडोळ्यांचा. शायबेल यांनी हा विनोद केला नव्हता हो, सन्मान केला होता. पुढे हे नाव बदला म्हणून पुष्कळांनी सांगितलं. पण नियम असा, की रीतीने ठेवलेलं पहिलं नाव केवळ नकोसं झालं म्हणून पुसता येत नाही. ते आजही तसंच आहे, आणि हिटलरच्या वस्तू जमवणारे शौकीन पैसे मोजून हा किडा मिळवतात म्हणून आंधळ्या भुंगेऱ्याच्या जिवावर बेतलं आहे. नियमाबद्दल माझं मत विचाराल तर मी नियमाच्या बाजूने. एकदा नावडती खाती खोडायला लागलात की खोडणाराचा हात कुठे थांबेल ते सांगता येत नाही. युंकनी सुरू केलेल्या परंपरेच्या वहीत हिटलरचं नाव एक ओळ अडवून बसतं, बाकी ओळींइतकीच. वर नाही, खाली नाही. वर्णानुक्रमे.

हे सगळं ठीक, पण उपयोग? येतो, मेहुणे, येतो.

डास घ्या. डास म्हणजे डास, असं आपण म्हणतो आणि टाळी वाजवतो. १८९७ साली आपल्या सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांनी डासाच्या पोटात मलेरियाचे जंतू दाखवले. पुढच्याच वर्षी इटलीत ग्रासी यांनी दाखवलं, की माणसाचा मलेरिया पसरवणारा डास अॅनॉफिलीस. आनंदीआनंद! आता डासांचा नकाशा काढायचा, त्यावर मलेरियाचा नकाशा ठेवायचा, बरोब्बर जुळणार. ठेवला. जुळेना. युरोपात अॅनॉफिलीस मॅक्युलिपेनिस हा डास जिकडेतिकडे, मलेरिया मात्र काही ठिकाणीच. एका गावी डासांचे ढग आणि माणसं ठणठणीत. दुसऱ्या गावी तसलेच डास आणि घरोघरी थंडीताप. ट्रायल बॅलन्स टॅली झाला नाही की शाखेत जे होतं तेच युरोपभर झालं. कोणी म्हणे खाण्यापिण्याचा फरक, कोणी म्हणे क्विनाइनचा, कोणी गोठ्यातल्या गुरांना श्रेय दिलं. पंचवीस-एक वर्षं फरक ‘सस्पेन्स’मध्ये पडून राहिला.

तो सोडवला कोणी? नोबेलवाल्याने नाही. इटलीच्या आरोग्य खात्यातून निवृत्त झालेले एक इन्स्पेक्टर होते, फालेरोनी. निवृत्तीनंतर माणसं देवळात जातात, नातवंडं सांभाळतात, पेन्शनच्या रांगेत सरकारला शिव्या देतात. फालेरोनींनी डासांची अंडी पाहायला घेतली. ‘काय उपयोग?’ म्हणणारे शेजारी त्यांनाही असतील. इटलीतही सोसायट्या असतातच की. पाहता पाहता त्यांच्या लक्षात आलं, की या एकाच म्हणवल्या जाणाऱ्या डासाच्या अंड्यांवरची नक्षी वेगवेगळी आहे. कुठली करडी, कुठली पट्ट्यापट्ट्यांची. आणि एक मादी घालते ती सगळी अंडी एकाच नक्षीची. १९२६ साली त्यांनी यातल्या दोघांना नावं दिली, लाब्रांकी आणि मेसी. आरोग्य खात्यातल्या लाब्रांका आणि मेसेआ या दोन सहकाऱ्यांच्या नावांवरून. सहकाऱ्याचं नाव डासाला देण्याची कल्पना मला फार आवडली. आमच्या शाखेत मी निदान चार जातींची सोय करू शकेन.

मग हॅकेट, मिसिरोली वगैरे मंडळींनी ही नक्षी घेऊन पुन्हा सगळा हिशेब मांडला. निघालं काय, तर एक डास नव्हेच. दिसायला एक, खाती वेगळी. मेसी हा बहुतेक गुरांचं रक्त पिऊन सुखी. लाब्रांकी माणसांच्या घरात शिरणारा, दक्षिण इटलीच्या किनाऱ्याचा, सिसिली-सार्डिनियाचा. बाल्कनमध्ये तिसराच, साखारोवी नावाचा. प्रत्येकाचा वेगळा नकाशा काढला आणि मलेरियाच्या नकाशावर ठेवला, तेव्हा बसला. इटलीतून मलेरिया गेला तो निचऱ्याने, औषधांनी आणि युद्धानंतरच्या डीडीटीने. १९७० साली जागतिक आरोग्य संघटनेने तसा दाखला दिला. अंडी मोजून ताप उतरत नाही, हे मलाही कळतं. पण चोर कोण हे न कळता सगळ्या आळीला झोडपायचं, की एका घराचं दार ठोठवायचं, हा फरक त्या अंड्यांवर लिहिलेला होता.

फुलपाखराचं उदाहरण थोडक्यात आटपतो. इंग्लंडात लार्ज ब्लू नावाचं निळं फुलपाखरू आहे. त्याची अळी पहिले तीन आठवडे झाडावर खाते, मग खाली पडते आणि मुंगीला अशी काही भुलवते की मुंगी तिला आपलंच पोर समजून घरी नेते. तिथे ही पुढचे दहा महिने मुंग्यांची खरी पोरं खाऊन काढते. घरजावयांनी इतकी मजल गाठल्याचं माझ्या ऐकिवात नाही. फुलपाखरं कमी होऊ लागली तेव्हा लोकांनी संग्राहकांना अडवायला माळांना कुंपणं घातली. कुंपणामुळे गुरंही अडली. १९५० नंतर रोगाने ससे मेले. चरणारं कोणी नाही म्हणून गवत वाढलं, आणि फुलपाखरू आणखी वेगाने कमी झालं. १९७० नंतर जेरेमी थॉमस माळावर जाऊन बसले आणि त्यांनी दाखवलं, की ‘लाल मुंगी’ असं काही नसतं, तशा दिसणाऱ्या अनेक जाती आहेत आणि अळी धड जगते ती मिर्मिका सॅब्युलेटी या एकीच्या घरात. तिला हवं ऊन आणि आखूड गवत. गवत वाढलं की ती जाते, दुसरी येते. उत्तर हाती आलं तोवर उशीर झाला होता. १९७९ साली लार्ज ब्लू ब्रिटनमधून संपलं. १९८३ पासून स्वीडनहून अळ्या आणून ते पुन्हा रुजवलं, गुरं चरायला सोडून. म्हणजे माणसांनी प्रेम केलं, वर्गणी काढली, कुंपण घातलं, सगळं केलं. मुंगीचं नाव तेवढं विचारलं नाही.

इथे मला एक गोष्ट स्पष्ट करायची आहे. उपयोग सांगितला म्हणजे मी प्रश्न मान्य केला असं कोणी समजू नये. मॅक्युलिपेनिसचं नाव माइगेन यांनी ठेवलं १८१८ साली. तेव्हा डास आणि मलेरिया यांची सोयरीक कोणाला माहीत होती? नोंद करताना उपयोग ठाऊक नसतो, साहेब. ऑडिटर तीस वर्षांनी येतो आणि नेमकं तेच व्हाउचर मागतो. ‘ज्याचा उपयोग होणार आहे तेवढीच व्हाउचरं जपून ठेवा’ असा हुकूम काढणारा मॅनेजर मला दाखवा, मी त्याला हार घालतो. तो फार दिवस मॅनेजर राहणार नाही.

‘‘पण आता मोबाइलवर फोटो काढला की नाव येतं,’’ असंही मेहुणे त्या दिवशी म्हणाले होते. येतं ना. कोणीतरी आधी लिहून ठेवलंय म्हणून येतं. डीएनए तपासला तर किड्याची भली मोठी अक्षरमाला मिळते. ती जुळवायला ज्याची ओळख नक्की झाली आहे असा किडा आधी कपाटात लागतो. नाहीतर ते खातेदाराचं नाव नसलेलं पासबुक. आमच्याकडे कोअर बँकिंग आलं तेव्हा जुन्या लेजरातल्या चुकाही कॉम्प्युटरात गेल्या, आणि तिथे त्या अतिशय वेगाने आणि बिनचूक चुकू लागल्या.

जर्मनीत क्रेफेल्ड नावाचं गाव आहे. तिथे १९०५ साली निघालेलं कीटकप्रेमींचं मंडळ आहे, बरेचसे हौशी सभासद. ही मंडळी संरक्षित जागांत तंबूसारखे सापळे लावतात. सापळ्याची युक्ती रेने मलेझ या स्वीडिश गृहस्थांची. १९३४ च्या सुमारास ते ब्रह्मदेशात तंबू ठोकून होते आणि किडे आत शिरून तंबूच्या वरच्या कोपऱ्यात गोळा होताना त्यांनी पाहिले. आपण असतो तर अगरबत्ती लावली असती. तर क्रेफेल्डकर १९८९ पासून सापळ्यातला माल बाटलीत भरून, वजन करून, तारीख टाकून ठेवत गेले. सत्तावीस वर्षं, त्रेसष्ट जागा. २०१७ साली आकडे प्रसिद्ध झाले : उडणाऱ्या किड्यांचं वजन तीन चतुर्थांशाहून जास्त घटलं होतं. जगभरच्या वर्तमानपत्रांनी मथळे दिले. सुरुवातीची शिल्लक कोणी लिहून ठेवली नसती, तर तूट निघाली असती का? मेहुण्यांच्या हातात व्यवहार असता, तर ‘‘पूर्वी किडे जास्त असायचे हो,’’ एवढ्यावर भागलं असतं. आणि वजन म्हणजे तरी काय? रोकड किती किलो भरली ते कळलं. नोटा कुठल्या गेल्या, शंभराच्या की पाचशेच्या, ते सांगायला त्या बाटल्यांपुढे बसून एकेक किड्याचं नाव काढणारा माणूस लागतो.

तो माणूस मिळत नाही. ब्रिटनमध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सच्या विज्ञान समितीने वर्गीकरणाची विद्या क्षीण होत चालली म्हणून १९९२ साली अहवाल दिला. २००२ साली पुन्हा दिला. २००८ साली तिसऱ्यांदा दिला. आमच्याकडे तीन स्मरणपत्रांनंतर जप्ती येते. विद्यापीठात हल्ली मोजतात ते तुमचा लेख किती जणांनी आपल्या लेखात नमूद केला ते. आणि तुर्कस्तानातल्या एका डोंगरावरच्या भुंगेऱ्यांवरचा लेख नमूद करणार कोण? त्याच डोंगराकडे पुन्हा जाणारा माणूस, आणि तो कदाचित अजून पाळण्यात असतो. नकाशांची दशाही यामुळेच मजेशीर. ठिपके दाट दिसतात ते विद्यापीठांच्या गावांभोवती आणि बऱ्या रस्त्यांच्या कडेने. नकाशा किड्यांचा म्हणायचा, प्रत्यक्षात किडे पकडणाऱ्यांचा. कोरा भाग दिसला की किडे नाहीत असं समजायचं नसतं; तिथे अजून शाखा उघडलेली नाही एवढंच.

एखाद्या म्युझियममधला भुंगेऱ्यांचा जाणकार निवृत्त होतो. त्याला शाल-श्रीफळ देतात. त्याची जागा ‘पुनर्विचारार्थ’ ठेवतात. कपाटांना कुलूप लागतं, किल्ली ऑफिसात जाते, आत टाचण्यांवर दीडदोनशे वर्षांची सिग्नेचर कार्डं. आणि अशा कपाटात फटीतून शिरणारा एक इवलासा ठिपकेदार भुंगेरा असतो, ज्याची अळी वाळलेले किडे खाऊन वाढते. पेट्या उघडून पाहणारं कोणी नसलं, की टाचणी आणि चिठ्ठी तेवढी शिल्लक. लिनियस यांनी १७६१ सालीच त्याचं नाव ठेवलंय, म्युझियमवरूनच : अँथ्रीनस म्युझिओरम. कॅटलॉगच्या चौथ्या खंडात त्याच्या घराण्याचं खातं आहे. सध्या चालू स्थितीत.